तालुक्याचे थोरले आप्पा

सटाण्याहून ताहराबाद, मुल्हेर करत पश्चिमेला निघालात की बागलाणची डोंगरमंडळी एकेक भेटू लागतात. मांगी-तुंगी जोडीनं उभे, मुल्हेर-मोरा-हरगड एकमेकांना धरून. पण खरी ओळख करून घ्यायची ती साल्हेरची. हे घरातले थोरले आप्पा. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शिखरांच्या पंगतीत मात्र १६४६ मीटरची कळसूबाई पहिल्या पाटावर बसते, आणि तो विषय आप्पांसमोर काढू नये. लगेच ढगाचा पटका डोळ्यांवर ओढून घेतात.

मानपानाची त्यांना भारी हौस. माथ्यावर परशुरामाचं देऊळ आहे. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते यांच्याच पायथ्याशी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं वारसायादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत यांचं नाव लागलं. पण माझ्या मते त्यांचा खरा मान मार्गशीर्षातला. डोंगऱ्या देवाचा उत्सव आला की इकडच्या कोकणा आणि भिल पाड्यांवर पावरी घुमते, गडी व्रत धरून रात्ररात्र नाचतात. डोंगराला देव म्हणणारी माणसं शेजारी असणं, याहून मोठा वारसा कोणता?

आप्पा नटवेही आहेत. आषाढात पोपटी बंडी, श्रावणात गर्द हिरवी, भाद्रपदात तिच्यावर रानतेरड्याची आणि सोनकीची नक्षी. पाहुणे फोटो काढून खूश होऊन परततात. मी म्हणतो, मार्चमध्ये या. बंडी उतरलेली असते आणि बरगड्या मोजता येतात. ती हिरवाई बरीचशी गवताची होती, हे तेव्हा कळतं.

पूर्वी आप्पांचा बटवा भरलेला असे. आलेल्याला रिकाम्या हाती धाडायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. बाळंतिणीच्या लाडवांना धावड्याचा डिंक, धुपाला सालई, कातासाठी खैर, परडीभर मोहाची फुलं, घराच्या तुळईला साग. देताना हात कधी आखडला नाही. मागणाऱ्यांनीही आखडला नाही. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला बोल लावून मात्र सुटका नाही. तिच्या चुलीला दुसरं काही मिळालं असतं तर ती एवढा चढ कशाला चढली असती?

वणव्यापुढे आप्पा हतबल होतात. मोहाची फुलं स्वच्छ जमिनीवर वेचता यावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, कुणी नवं गवत जोमानं फुटावं म्हणून काडी लावतो. वारा उरलेलं काम करतो. जाड सालीचा साग आगीतून तगतो, कोवळी रोपं जातात. जी पुन्हा फुटतात, त्यांच्यावर शेळ्या टपलेल्या. एका उतारावर मी धावड्याचं रोप वाकून पाहिलं. गुडघ्याएवढं, पण बुडखा अंगठ्याहून जाड. दरवर्षी फुटायचं आणि दरवर्षी खुडलं जायचं, असं त्याचं आयुष्य. रान दिसायला रानच राहतं, फक्त त्यातली नावं कमी होत जातात.

मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी येऊन बसते. १८०९ च्या सुमाराला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेली ही परदेशी पाहुणी. गुरं तिला टाळतात, पाखरं तिची फळं खाऊन बी पसरवतात, जाळली तरी बुडातून फुटते. तिच्या दाट सावलीत दुसरं बी सहसा तग धरत नाही.

आप्पांचा राग पावसात दिसतो. ज्या उतारांवर मुळं उरली नाहीत, तिथं ते पाणी धरून ठेवत नाहीत. तांबड्या मातीसकट थेट मोसम नदीकडे सोडून देतात. खाली पाटपाण्याच्या फडपद्धतीचे जुने बंधारे बांधणाऱ्यांनी नदीची नाडी ओळखली होती. पण तेही वरून सावकाश झिरपणाऱ्या पाण्याच्याच भरवशावर.

तरी म्हातारा मोठा धोरणी. गेल्या उन्हाळ्यात घळीच्या तोंडाशी करवंदीची जाळी दिसली. काट्यांत हात घालून फांद्या बाजूला केल्या, तर आत बहाव्याची तीन रोपं. शेळ्यांचं तोंड पोचत नाही अशा जागी, वीतभर वाढलेली. एकाचं पान नुकतंच उलगडत होतं, तांबूस आणि ओलसर. मी फांद्या होत्या तशा सोडल्या.