शिकागोचे उघड्या हातांचे खेळाडू

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे थोडासा हिणवण्याच्या अर्थानेंच योजला जातो. हौशी नट म्हणजे पाठांतर कच्चें, हौशी गवई म्हणजे तालाशीं बेताचें सख्य, आणि हौशी खेळाडू म्हणजे रविवारीं धांवून सोमवारीं अंथरूण धरणारा, अशी आपली समजूत. परंतु ज्यांत प्राप्ति नांवाची आणि दुखापत मात्र हटकून, असा एक खेळ एका अवाढव्य शहरानें पिढ्यान् पिढ्या उराशीं बाळगिला, हें ऐकिलें म्हणजे त्या शब्दाकडे पुन्हा एकवार पाहावेंसें वाटतें.

शहर अमेरिकेंतील शिकागो, आणि खेळ सॉफ्टबॉल. त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १८८७ सालच्या नोव्हेंबरांत, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणादिवशीं, तेथील फॅरागट बोट क्लबांत कांहीं तरुण हार्वर्ड व येल या विद्यापीठांमधील फुटबॉलच्या सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. येलचा जय झाल्याची वार्ता येतांच हर्षाच्या भरांत एकानें मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकाविला, आणि दुसऱ्यानें तो हातांतील दांडक्यानें परतविला! जॉर्ज हॅन्कॉक नांवाचे एक गृहस्थ तेथें होते. त्यांनीं तो मोजा आवळून बांधून त्याचा चेंडू केला, खडूनें जमिनीवर मैदान आखलें, आणि बेसबॉलचा खेळ घरांतल्या घरांत मांडला. कालांतरानें तो बाहेर आला, त्यास ‘सॉफ्टबॉल’ हें नांव मिळालें, आणि १९३३ सालीं शिकागोंतच भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत त्याची मोठी स्पर्धा झाली.

पण वाचकहो, खरी मौज पुढेंच आहे. मोज्याच्या पोटीं जन्मलेल्या या खेळानें शिकागोंत मोजाच टाकून दिला. इतरत्र बारा इंच घेराचा चेंडू व हातांत चामडी मोजा. शिकागोंत सोळा इंच घेराचा चेंडू, सोललेल्या नारळाहून थोरला, आणि तो झेलावयाचा नुसत्या हातांनीं. चेंडू मोठा असला म्हणजे फार दूर जात नाहीं, आणि गल्लीबोळांतल्या व लहान मैदानांतल्या खेळास तें सोईचें. मोज्याविषयीं असें सांगतात कीं, १९२९ नंतरच्या मंदींत मजूर वस्त्यांतील पोरांस तो विकत घेणें परवडत नव्हतें. कारण दारिद्र्याचें; पण पुढें सुबत्ता आली तरी चाल सुटली नाहीं. नवा चेंडू प्रथम चांगलाच कठीण असतो. फटके खात खात तो नरम पडतो. म्हणजे नांव ‘सॉफ्ट’, आणि आरंभींच्या डावांत बोटें मोडावयाचीं!

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू नोकरीनिमित्त तिकडे असतो. गेल्या दिवाळीस तो आला तो उजवी करंगळी वांकडी घेऊनच. आमच्या वहिनींच्या नजरेस तें पंगतींतच आलें. “अरे, मोजा घालायला काय झालें होतें?” “आजी, मोजा घातला तर तो खेळच नव्हे.” वहिनींचें समाधान झालें नाहीं, आणि घरांत दोन दिवस या एका बोटावर चर्चा चालली. मी बाहेरून वहिनींच्या पक्षाचा राहिलों. तथापि लहानपणीं विटी झेलतांना फुटलेलें नख मला आठवत होतें, आणि त्या वेळीं मोज्याची कल्पनाहि कोणास शिवली नव्हती.

हौशी खेळ म्हणून सारें सोवळ्यांत चालत असे, असें मात्र समजूं नये. संघांचे पाठीराखे बहुधा मोहल्ल्यांतील मद्यगृहांचे मालक, आणि सामन्यांवर पैजाहि लागत. तरीहि खेळणारे दिवसभर कारखान्यांत वा कचेरींत राबून सायंकाळीं मैदानावर येणारे होते. एडी झोल्ना हा त्यांतला नामांकित गोलंदाज. या खेळांत चेंडू खालून, संथ व उंच कमान करीत टाकावा लागतो. तेव्हां वेगाचा उपयोग नाहीं, सारी भिस्त चातुर्यावर. १९६४ पासून सोळा इंची खेळाची राष्ट्रीय स्पर्धा होऊं लागली, आणि तींत झोल्नाच्या संघांनीं वारंवार विजय मिळविले. शिकागोबाहेर त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नाहीं.

माइक रॉयको हा मात्र लेखणीमुळें देशभर गाजलेला; १९७२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळविलेला वृत्तपत्रकार. हाहि सोळा इंचीचा निस्सीम भक्त. १९७७ सालीं शहराच्या उद्यान खात्यानें आपल्या सामन्यांत मोजे घालण्यास मुभा दिली, तेव्हां हा गृहस्थ चक्क न्यायालयांत गेला, आणि दावा जिंकला! मोजे न घालण्याच्या हक्कासाठीं कज्जा लढविणारा वादी मीं तरी दुसरा ऐकिलेला नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर या खेळाच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. त्या मानकऱ्यांचें संग्रहालय फॉरेस्ट पार्क या उपनगरांत आहे.

मला सर्वांत अधिक जवळचा वाटतो तो नॅट क्लिफ्टन. याचें मूळचें नांव क्लिफ्टन नॅथॅनिएल. तें मथळ्यांत मावेना अशी वृत्तपत्रांची तक्रार, म्हणून यानें नांव उलटें करून टाकलें. लहानपणीं गोड पेयांची आवड, म्हणून लोक त्यास ‘स्वीटवॉटर’ म्हणत. १९५० सालीं न्यूयॉर्कच्या निक्स संघांत जाऊन, अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेंत प्रथम शिरलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय खेळाडूंत तो गणला गेला. जग त्यास ओळखतें तें यामुळें. शिकागोच्या मोहल्ल्यांत मात्र तो सोळा इंचीचा खेळाडू म्हणूनहि तितकाच परिचित. असले विशाल पंजे असल्यावर मोजा हवा कशाला? बास्केटबॉल सुटल्यावर तो आपल्या शहरांत परतला आणि टॅक्सी चालवूं लागला. १९९० सालच्या ऑगस्टअखेर, त्या टॅक्सींत बसलेला असतांनाच त्यास हृदयविकारानें मृत्यु आला.