केशराचे गाव

स्पेनच्या तेरुएल प्रांतात, हिलोका नदीच्या खोऱ्यात मोनरेआल देल काम्पो हे शेतकऱ्यांचे छोटे गाव वसले आहे. ऑक्टोबरअखेर येथील केशराची शेते जांभळ्या फुलांनी बहरतात. पहाटे फुले खुडायची, त्याच दिवशी प्रत्येक फुलातील तीन तांबडे तंतू हाताने वेगळे करायचे आणि मंद आचेवर वाळवायचे. पाच किलो ओल्या तंतूंचे जेमतेम एक किलो केशर उरते; त्यासाठी दीड लाखांहून अधिक फुले लागतात. तरुण शहरांकडे गेले, मजुरी महागली, लागवड आक्रसली. या व्यवसायाच्या आठवणी जपणारे संग्रहालय आज गावात उभे आहे. भावाची घासाघीस करण्यापूर्वी व्यापाऱ्याने तंतू वेचणाऱ्या वृद्धांची बोटे एकदा अवश्य पाहावीत.