सातबाऱ्यावरचं जंगल आणि तीस चौरस मीटरचं घर

चंद्रपूर-गडचिरोलीत गरिबांच्या घरांसाठी पैसा मिळतो, जागा मिळत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही. गावाबाहेर पडलं की माळ दिसतो, तलावाच्या पलीकडे झुडपं दिसतात, मग जागेची एवढी ओढाताण कसली, असं तो विचारतो. नगररचनाकार म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या नगर परिषदा, नगर पंचायती आणि गृहनिर्माण संस्थांसाठी काम करताना मी पाहिलं आहे की इथे मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीवर कुठली ना कुठली नोंद आधीच असते. वनाची असते, पूररेषेची असते, कोळशाची असते, आदिवासी खातेदाराची असते, नझूलची, म्हणजे शहरातल्या सरकारी जागेची, असते. जिच्यावर काहीच भार नाही अशी जमीन शहरालगत फार थोडी, आणि तिचा भाव रिक्षाचालकाच्या किंवा बांधकाम मजुराच्या आवाक्याबाहेरचा.

म्हणून स्वस्त घरांची बहुतेक प्रकरणं शेती विभागातल्या जमिनीपासून सुरू होतात. विकास योजनेच्या नकाशात हिरव्या रंगात दाखवलेली जमीन पिवळ्या रहिवास पट्ट्याहून स्वस्त असते. ती घ्यायची, झोन बदलून घ्यायचा आणि घरं बांधायची, असा हिशेब. लोक या झोन बदलाकडे मंत्रालयातल्या ओळखीचं काम म्हणून पाहतात. खरं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये त्याचा उघड क्रम लिहिलेला आहे. विकास योजनेच्या हद्दीत असाल तर कलम 37, प्रादेशिक योजनेत असाल तर कलम 20. कलम 37 खाली आधी सर्वसाधारण सभेचा ठराव होतो. मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना, हरकतींसाठी मुदत, सुनावणी, शासनाकडे प्रस्ताव, नगररचना संचालकांशी विचारविनिमय आणि शेवटी शासनाची अधिसूचना. प्रत्येक पायरी जनतेसमोर होते. अडचण एवढीच की झोपडपट्टीतल्या माणसापर्यंत ती सूचना पोचत नाही, आणि शेजारच्या लेआउटमधल्या भूखंडधारकापर्यंत ती पहिल्या दिवशी पोचते. 'गरिबांची वस्ती आली तर आमच्या भूखंडांचा भाव पडेल' ही हरकत कागदावर कधीच अशा शब्दांत येत नाही. ती रस्त्याची रुंदी, पाण्याचा दाब, शाळेची क्षमता या भाषेत येते. त्यातले काही मुद्दे खरेही असतात, आणि नियोजनकर्त्याने त्यांना आकडे देऊनच उत्तर द्यायला हवं.

झोन बदल झाला की जमिनीची किंमत एका अधिसूचनेने वाढते. ही वाढ समाजाने दिलेली आहे. म्हणून गरिबांच्या घरांच्या नावावर मिळालेला बदल त्या घरांशी बांधलेला असला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. ठरावीक मुदतीत घरं उभी राहिली नाहीत तर जमीन पुन्हा शेती विभागात गेली पाहिजे, ही अट अधिसूचनेतच हवी. ती नसेल तर दहा वर्षांनी तिथे दोन हजार चौरस फुटांचे भूखंड विकले जातात आणि मूळ यादीतली माणसं होती तिथेच राहतात.

पण झोन बदलला म्हणून सातबारा बदलत नाही, आणि आमच्या भागातलं खरं दुखणं तिथे आहे.

पूर्व विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्याआधीच, 1951 मध्ये, मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली. मालगुजारांच्या ताब्यातली पडीक, झुडपांची, चराईची जमीन सरकारजमा झाली आणि गावाच्या वापरासाठी निस्तारात नोंदवली गेली. त्यातल्या बऱ्याच जमिनींवर 'झुडपी जंगल' अशी नोंद पडली. पुढे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत गावं वाढली, तालुक्याची ठिकाणं वाढली, आणि त्याच जमिनींवर तहसील कचेऱ्या, शाळा, दवाखाने, स्मशानं आणि माणसांची घरं उभी राहिली. महसूल खात्यानेच जागा दिल्या. कर आकारला गेला, वीज आली, नळ आला. सातबाऱ्यावर मात्र जंगल तसंच राहिलं. 1980 चा वन संवर्धन कायदा आला, आणि 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदीत वन असलेली जमीन ही वनच, मालकी कोणाचीही असो, असं ठरवलं. त्या दिवसापासून हजारो घरांच्या पायाखाली कायद्याच्या दृष्टीने वन आलं.

याचा घरकुलाशी संबंध थेट आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 25 जून 2015 रोजी सुरू झाली. तिच्या चार घटकांपैकी आमच्या छोट्या शहरांना खऱ्या अर्थाने लागू पडणारा घटक म्हणजे लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घर बांधणं. भागीदारीतल्या मोठ्या प्रकल्पाला किमान अडीचशे घरांची अट होती. गडचिरोलीतल्या कोरची किंवा भामरागडमध्ये एका जागी अडीचशे घरं कोण बांधणार आणि कोणासाठी? मग उरतो स्वतःच्या जागेचा मार्ग. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न, तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. अट एकच, जागा स्वतःची हवी. चाळीस वर्षं त्याच ठिकाणी राहिलेल्या बाईला आम्ही सांगतो, आई, जागेचा कागद आणा. ती घरपट्टीच्या पावत्या आणते, वीजबिल आणते, मतदार यादीतलं नाव दाखवते. आम्ही सर्व्हे नंबर काढतो आणि तिथे झुडपी जंगल निघतं. विकास योजनेत तीच जमीन रहिवास विभागात असू शकते. मी अशा जमिनी पाहिल्या आहेत. एक सरकारी कागद तिथे घर बांधा म्हणतो, दुसरा सरकारी कागद ते वन आहे म्हणतो, आणि मध्ये ती बाई ताडपत्रीखाली पावसाळा काढते.

22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाचा निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हे विदर्भातले, अमरावतीचे, आणि त्यांच्या सोबत न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह. 1996 च्या आदेशानुसार झुडपी जंगल हे वनच मानलं जाईल, हे न्यायालयाने कायम ठेवलं. पण 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्य शासनाने केंद्राची मंजुरी मागावी, आणि केंद्राने पर्यायी वनीकरणाची किंवा वनाचं नक्त वर्तमान मूल्य भरण्याची अट न लावता तिचा विचार करावा, असा एकदाच वापरायचा मार्ग दिला. त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनींबाबत मात्र कठोर भूमिका घेतली आणि वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे नेऊ नयेत असं बजावलं. जमीन पुढे फक्त वारसाहक्काने जाईल आणि तिचा वापर बदलणार नाही, हेही निकालात आहे.

मला हा निकाल न्यायाचा वाटतो, आणि मी जंगलाच्या बाजूचाही माणूस आहे. ज्या जिल्ह्यात ताडोबातून बाहेर पडणारे वाघ चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारापर्यंत येतात, त्या जिल्ह्यात झुडपी जंगल सरसकट मोकळं करा म्हणणं हा आत्मघात ठरला असता. बाहेरच्या धनिकांनी त्याच वाटेने रिसॉर्ट उभारले असते. पण निकालाचा लाभ गरिबापर्यंत पोचायचा असेल तर दोन गोष्टी ताबडतोब व्हायला हव्यात. एक, प्रत्येक नगर परिषदेने आणि नगर पंचायतीने 12 डिसेंबर 1996 पर्यंतच्या वाटपाचे आदेश, पट्टे आणि फेरफार शोधून सर्व्हे नंबरनिहाय यादी करावी. हे काम तहसीलच्या अभिलेख कक्षात बसून करावं लागतं. जुने कागद दरवर्षी अधिक जीर्ण होत आहेत. दुसरी गोष्ट बँकांची. अडीच लाखांत घर पूर्ण होत नाही, उरलेल्यासाठी कर्ज लागतं. फक्त वारसाने जाणारी जमीन बँक तारण घेणार नाही. तेव्हा या लाभार्थ्यांसाठी राज्याने हमी दिली पाहिजे, नाहीतर मंजुरी मिळूनही भिंती लिंटलपर्यंत येऊन थांबतील.

चंद्रपूर शहराची गोष्ट वेगळी आहे. इथे जमिनीखालीही पाहावं लागतं. गोंड राजांच्या परकोटाबाहेर शहर वाढलं ते इरई आणि झरपट या नद्यांच्या काठाने आणि कोळसा खाणींच्या शेजाराने. नदीकाठची जमीन स्वस्त, कारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा तिच्यावरून जाते. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही, दोन रेषांच्या मध्ये जोतं उंच घेऊन अटींवर मिळते. जोत्याचा हा जादा खर्च तीस चौरस मीटरच्या घराला झेपत नाही. तरी वस्ती तिथेच होते, कारण दुसरीकडे जागा नाही.

खाणींचं आणखी गंभीर. 26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरची माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. तेव्हापासून या पट्ट्यातलं कुठलंही गृहनिर्माण प्रकरण हाती घेताना मी झोन दाखल्याच्या आधी वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सकडून जुन्या भूमिगत कामांचा नकाशा मागतो. तो मिळायला वेळ लागतो. लागू द्यावा. ज्या जमिनीखाली पोकळी आहे तिच्यावर शासनाचा शिक्का उमटला म्हणून ती भरत नाही. विकास योजनेच्या नकाशावर पूररेषा दाखवतात तशा जुन्या खाणींच्या सीमाही दाखवल्या पाहिजेत, ही मागणी मी अनेक बैठकांतून केली आहे आणि इथेही करतो.

गडचिरोलीत प्रश्न पुन्हा बदलतो. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा तीन चतुर्थांश वनाने व्यापलेला आहे आणि त्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता लागते. घरांच्या योजनेसाठी हे कलम सैल करा, असा सूर आता ऐकू येतो. सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद कारखाना यांमुळे बाहेरून माणसं येत आहेत, भाड्याच्या खोल्या कमी पडत आहेत, हे खरं. तरी माझं मत ठाम आहे, त्या कलमाला हात लावू नये. येणाऱ्या कामगारांची घरं उद्योगाने आपल्या परिसरात बांधावीत. आदिवासीची शेती हा शहराचा राखीव साठा नाही.

वनहक्क कायद्याचंही चुकीचं वाचन होतं. त्याच्या कलम 3(2) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणीपुरवठा अशा तेरा कामांसाठी मिळू शकते. त्या यादीत घरं नाहीत. त्या वाटेने गृहनिर्माणाचा प्रस्ताव पाठवणाऱ्यांना मी परत बोलावतो. एटापल्ली, धानोरा, कुरखेडा ही गावं 2015 मध्ये नगर पंचायती झाली आणि गुंता वाढला. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, ग्रामपंचायतींसाठी आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरांसाठी तसा कायदा संसदेने अजून केलेला नाही. कालपर्यंत ग्रामसभेत जमिनीवर बोलणारी माणसं आज नगर पंचायतीच्या सभेत प्रेक्षकही नसतात. अशा ठिकाणी कायद्याची सक्ती नसली तरी प्रभागनिहाय सभा घेऊनच आराखडा पुढे न्यावा, असं मी प्रत्येक मुख्याधिकाऱ्याला सांगतो. जिथे अशी सभा घेतली जाते तिथे हरकती कमी येतात, कारण माणसांना आधीच विचारलेलं असतं.

आता एक नियम, जो आमच्या शहरांच्या वाट्याला येतच नाही. 2020 च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात समावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. मोठा लेआउट पाडणाऱ्याने वीस टक्के क्षेत्र लहान भूखंडांसाठी किंवा लहान घरांसाठी ठेवायचं. तरतूद उत्तम, पण ती दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिकांनाच लागू. चंद्रपूर महानगरपालिका 2011 ची, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 20 हजार. म्हणजे इथे कितीही एकरांचा लेआउट पडो, त्यात गरिबासाठी एकही भूखंड ठेवण्याचं बंधन नाही. मग गरीब माणूस इरईच्या काठावर, खाणीच्या कडेला, झुडपी जंगलात जातो, आणि मग आपण त्याला अतिक्रमणदार म्हणतो. दहा लाखांची ही मर्यादा तीन लाखांवर आणली तर सरकारला एक रुपयाही खर्च न करता चांगल्या जमिनीवर, चांगल्या रस्त्यावर, शाळेच्या जवळ लहान घरांना जागा मिळेल. झोन बदलाच्या प्रत्येक प्रकरणात वर्षानुवर्षं झगडण्यापेक्षा हा एक बदल मोठा आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा कलम 26 खाली सूचना-हरकतींसाठी फक्त तीस दिवस असतात. नगर परिषदेच्या कार्यालयात नकाशे भिंतीवर लावलेले असतात, ते कोणीही पाहू शकतो. आपल्या भूखंडावरून रस्ता जातो का, एवढंच पाहून परत येऊ नका. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षण किती सर्व्हे नंबरवर आहे, त्या सर्व्हे नंबरचा सातबारा काय म्हणतो, त्यावरून पूररेषा जाते का, खाली जुनी खाण आहे का, हे विचारा आणि लेखी द्या. लेखी सूचनेची सुनावणी घेणं नियोजन समितीला बंधनकारक आहे.