बाळाच्या मुठीतली भाजी

आपल्या घरी सहा-सात महिन्यांचे बाळ असेल, तर जेवताना ताटाकडे झेपावणारा त्याचा हात आपल्या परिचयाचा असेल. सहा महिने पूर्ण झाल्यावर दुधाच्या जोडीने पूरक आहार सुरू करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे उष्टावणाचा मुहूर्तही साधारण तेव्हाचाच. मऊ भात, वरण आपण भरवतो, ते योग्यच. पण मान सावरून आधाराने ताठ बसणाऱ्या बाळाला भाजीची फोड स्वतःच्या हाताने खाऊ द्यायलाही हरकत नाही. हरकत आहे ती कच्च्या गाजराला. त्याचा कडक तुकडा हिरड्यांखाली मोडतो आणि घशात अडकू शकतो.

आम्हां संगमनेरकरांना प्रवरेकाठच्या मळ्यांतली ताजी भाजी मिळते. तांबडा भोपळा, गाजर, रताळे, फ्लॉवर यांपासून आरंभ करावा. भाजी चिरण्यापूर्वीच वाहत्या पाण्याखाली धुवावी, अन्यथा सालीवरचे जे काही असेल ते सुरीबरोबर गरात उतरते. फोड आपल्या बोटाएवढी लांब ठेवावी, म्हणजे बाळाच्या मुठीबाहेर तिचे टोक राहते. मग मोदकपात्रात वाफवावी. अंगठा व तर्जनी यांत धरून दाबताच ती चिरडली गेली पाहिजे. नाही तर पुन्हा वाफेवर. मीठ, साखर, मध वर्षभर नकोच.

शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी बियाण्यांत वाल-घेवड्याची कितीतरी वाणे आहेत. चव उत्तम, पण शेंगेच्या दोन्ही कडांची शीर काढल्यावाचून ती बाळाला देऊ नये. नवव्या महिन्याच्या सुमारास चिमटीत धरता येऊ लागले, की बारीक तुकडे द्यावेत. वाटाणा मात्र चेपूनच.

खरी धास्ती ठसक्याची. भोपळा खाताना माझ्या नातीला उबळ आली, चेहरा लाल झाला. मी उठू लागताच सूनबाई शांतपणे म्हणाली, "आई, थांबा. आवाज येतोय, ती खोकतेय." फोड बाहेर आली आणि पुन्हा तोंडात गेली! या वयात उबळ येण्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते, म्हणून ती वारंवार येते. ते बाळाचे संरक्षणच आहे.

भय शांततेचे बाळगावे. बाळ खोकत नाही, रडत नाही, ओठ निळसर पडतात, तेव्हा घास अडकलेला असतो. अशा वेळी घशात अंदाजाने बोट घालू नये. घास आणखी आत जातो. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्याव्यात; घास न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाचदा दाबावे. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांक लावावा. ही कृती आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, घरातल्या आजोबांनीसुद्धा. आणि बाळ खात असताना कोणीतरी समोर बसलेले असावे, भ्रमणध्वनी बाजूला ठेवून.