अर्धी शक्ती

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार मालाच्या एका व्यापाऱ्यांना बावन्नाव्या वर्षी रक्तातील साखर वाढू लागल्याचे समजले. तीस वर्षे गादीवर बसून गेलेली. व्यायाम म्हणजे फोनवर भाव बोलताना गाळ्यात घातलेल्या चार फेऱ्या. पण व्यापारी माणूस एखादी गोष्ट हाती घेतली की अर्धवट करीत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच झाला. जिमची वर्षाची फी एकरकमी भरली गेली. पहाटे धावणे, गाळा बंद झाल्यावर रात्री नऊला वजने उचलणे, जानेवारीत २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन. सुट्टीचा वार नाही. भरलेले पैसे वसूल व्हायला हवेत, हाही हिशेब त्यात होताच.

घरात चौविहार आणि नवकारसी. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. म्हणजे जवळपास चौदा तास, आणि दिवसाचे दोन्ही व्यायाम नेमके त्याच चौदा तासांत! प्रशिक्षकाला हे ठाऊक नव्हते. यांनी सांगितले नाही.

तिसऱ्या महिन्यात धावण्याचा वेग वाढण्याऐवजी उतरला. झोप तुटू लागली, भूक मंदावली, सर्दी हटेना. वीस वर्षांच्या विश्वासू मुनिमांवर ते किरकोळ कारणावरून सर्वांदेखत ओरडले, तेव्हा घरच्यांना खरी काळजी वाटली. वेग कमी झाला म्हणून त्यांनी स्वतः मात्र आणखी दोन किलोमीटर वाढवले होते. बहुतेक जण हेच करतात.

कुटुंबाच्या डॉक्टरांनी तपासण्यांआधी दिनक्रम विचारला आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून लिहून ठेवायला सांगितले. पूर्वी मिनिटाला ६४ असणारी नाडी ७५ च्या घरात गेली होती. व्यायामात स्नायूंची थोडी झीज होते. बळ वाढते ते नंतर, झोप, आहार आणि पाणी यांतून ती झीज भरून निघताना. भरपाईला अवधीच दिला नाही, तर माणूस भांडवल मोडून खर्च चालवत असतो. अतिश्रमानंतर स्नायू असह्य दुखू लागले आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र घरी थांबू नये. मोडलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडावर घातक ताण आणतात. त्याच तासाला रुग्णालय गाठावे, असेही डॉक्टरांनी बजावले.

हे ज्ञान नवे नाही. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही अर्ध्याच शक्तीने व्यायाम करावा, असे सांगितले आहे. अति करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह दुबळा नसतो, हे यात विशेष.

व्रत सोडण्याचा प्रश्नच नव्हता; बदलायची होती ती वेळ. सहा आठवडे वजने बंद राहिली. नवकारसीनंतर घर ते गाळा चाळीस मिनिटे पायी, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले आठवड्याचे १५० ते ३०० मिनिटांचे प्रमाण एवढ्यात पूर्ण होते. वजने आता दोनच दिवस, दुपारी चारला, गिऱ्हाईक कमी असताना. म्हणजे सूर्यास्तापूर्वी पाणी आणि जेवण दोन्ही निवांत होते. गाळ्यावर तेवढा वेळ मुनीमच बसतात. त्यांची क्षमा मागायला संवत्सरीची वाट पाहिली नाही, हे बरे झाले.

अर्धमॅरेथॉन राहून गेली. साखर हळूहळू उतरली, नाडी ६६ वर आली. यंदाच्या पर्युषणात त्यांनी अठ्ठाई केली, तेव्हा आठही दिवस चालणे देरासरापुरतेच ठेवले. पारण्यानंतर तीन दिवस थांबून पुन्हा सुरुवात केली ती वीस मिनिटांपासून.