दगडाखालची वही

‘हेटॉरचा माथा १६२ अंशांवर. हाऊंड टॉरचं सर्वांत उंच टोक ३०४ अंशांवर. एकट्या हॉथॉर्नपासून चढाच्या दिशेनं तेवीस पावलं. सपाट दगडाखाली.’

डार्टमूरवर लपवलेल्या डबीचा पत्ता असा असतो. वरचे आकडे मी बदललेले आहेत. दुसऱ्यानं लपवलेल्या अशा डबीचा, म्हणजे लेटरबॉक्सचा, खरा संकेत परस्पर छापायचा नाही, हा इथला दंडक मला मनापासून पटतो. ती डबी कुणीतरी मेहनतीनं तयार केलेली असते आणि शोधणाऱ्यानंही तिच्यासाठी थोडी मेहनत घ्यावी एवढीच त्या माणसाची अपेक्षा असते.

डार्टमूर हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं, डेव्हनमधलं पठार. ९५४ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली जाहीर झालं. ग्रॅनाइटचा पाया, त्यावर पीटची काळी, पाणी धरून ठेवणारी माती आणि टेकड्यांच्या माथ्यांवर उघडे पडलेले खडकांचे ढीग. या ढिगांना टॉर म्हणतात. नोकरीनिमित्त न्यूटन ॲबटला आले तेव्हा हे सगळे टॉर मला सारखेच दिसायचे. रायरेश्वरावर उभं राहून आजूबाजूचे किल्ले घडाघडा ओळखणारी मी, इथे मात्र समोरच्या टेकडीला काय म्हणतात हेही सांगू शकत नव्हते. ते मनाला लागायचं. लेटरबॉक्सिंगनं, म्हणजे अशा डब्या शोधण्याच्या छंदानं, ती अडचण दूर केली, कारण दिशाकोन घ्यायचा तर कुठला टॉर कुठला हे आधी ठाऊक असावंच लागतं. नावं पाठ करून काही होत नाही. रिपन टॉरच्या माथ्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे, हनीबॅग लांबट आहे, हेटॉरला दोन डोकी आहेत, अशा खुणांनी एकेक टेकडी ओळखीची होत गेली.

हा छंद इथलाच. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी पाहुण्यांना उत्तर डार्टमूरच्या अगदी आतल्या क्रॅनमिअर पूलपर्यंत घेऊन जायचा. त्या काळी ती दलदलीतून दिवसभराची पायपीट होती. १८५४ साली त्यानं तिथे एक बाटली ठेवली. पोचलेल्या माणसानं आपलं भेटकार्ड तिच्यात टाकायचं, म्हणजे पुढच्याला कळावं की आपल्याआधीही कुणी इथवर आलं होतं. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डं तिथे ठेवू लागले. नंतर येणारा ती घेऊन जाई आणि गावात गेल्यावर पेटीत टाकी. लेटरबॉक्स हे नाव त्यावरूनच पडलं. १९३७ साली क्रॅनमिअरला कायमची दगडी पेटी बसवली. पुढच्याच वर्षी दक्षिण डार्टमूरवर डक्स पूल इथे विल्यम क्रॉसिंगच्या स्मरणार्थ दुसरी झाली. क्रॉसिंगनं हे पठार आयुष्यभर पायी तुडवलं आणि १९०९ साली त्यावर मार्गदर्शक लिहिला. आज इथे हजारो डब्या आहेत. प्रत्येकीत एक रबरी शिक्का आणि एक वही. डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डबीतल्या वहीत उमटवायचा, खाली तारीख घालायची, डबी होती तशी ठेवायची आणि पुढे चालू लागायचं.

गेल्या मे महिन्यात अण्णा साताऱ्याहून आले होते. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी उन्हातान्हात शंकू-साखळी आणि फलकयंत्र घेऊन लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवली. मी त्यांना संकेताचा कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “हे कोन चुंबकीय उत्तरेपासून घेतलेत का नकाशाच्या?”

इतकी वर्षं मी हा छंद करते आहे, पण हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. डेव्हनमध्ये सध्या या दोन उत्तरांमधला फरक एखाद्या अंशाच्या आतबाहेर आहे, हे मी सांगितलं. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरात शेजारच्या डॉर्सेट परगण्यात खरी उत्तर, चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर अशा तिन्ही एका रेषेवर आल्या होत्या, हेही सांगितलं. अण्णांना त्याचा इतका आनंद झाला, की रात्री फोनवर त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला तेच पहिलं सांगितलं.

जायचं तर त्यांना स्वतःचा शिक्का हवा होता. नुसती सही चालेल म्हटलं तर ऐकेनात. मोठा खोडरबर आणला, कोरायची छोटी हत्यारं माझ्याकडे होतीच. नकाशावर उत्तर दाखवणारा बाण आणि त्याच्या डोक्यावर ‘उ’ हे अक्षर, असं त्यांनी ठरवलं. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पातळ कागदावर चित्र काढलं, कागद पालथा घालून रबरावर घासला आणि दोन संध्याकाळी खिडकीशी बसून हलक्या हातानं शिक्का कोरला. शाईत बुडवून पहिला ठसा उमटवला तेव्हा बाणाची कड कापल्यासारखी स्वच्छ आली होती.

शनिवारी सकाळी हेटॉरच्या पायथ्याशी गाडी लावली. पाठपिशवीत नकाशा, होकायंत्र, दोन शाईच्या गाद्या, वह्या, पावसाळी जाकिटं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दशम्या. मोकळी फिरणारी डार्टमूरची तट्टं वाटेतच चरत होती. गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती. लेटरबॉक्सिंगला मेपर्यंतचेच दिवस चांगले. पुढे ब्रॅकन, म्हणजे इथलं नेचं, छातीएवढं वाढतं, दगड त्यात गडप होतात आणि गोचिड्या अंगाला लागतात. आम्ही गेलो तेव्हा ब्रॅकनचे कोंब अजून मुठी मिटून होते.

हेटॉर ४५७ मीटर उंच. अण्णा सावकाश पण न थांबता चढले. वर वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. पलीकडच्या उतरणीवर ग्रॅनाइटची ट्रामवे लागते आणि तिथे आमचा बराच वेळ गेला. १८२० साली बांधलेल्या या मार्गाचे रूळही दगडाचेच आहेत. लांबट ग्रॅनाइटच्या तुकड्यांना कड कोरून काढली आणि तिच्या आधारानं घोड्यांच्या गाड्या चालवल्या. याच खाणींतला दगड १८३१ साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजला वापरला गेला. अण्णा खाली बसून रुळांचे जोड बोटांनी चाचपत राहिले. पहिली डबी याच भागात होती आणि ती लगेच सापडली. त्यापुढची मात्र नाहीच सापडली. तिच्या मालकानं ती काढून नेली असावी.

बेका ब्रुक नावाचा ओढा ओलांडून वर चढलं की हाऊंड टॉरच्या अलीकडे एक ओसाड गाव आहे. तेराव्या शतकातल्या दगडी घरांचे फक्त पाये उरलेत, गुडघ्याएवढ्या भिंती आणि दारांच्या जागा. चौदाव्या शतकाच्या शेवटी किंवा पंधराव्याच्या आरंभी गाव उठलं. घरं लांबट, उतारावर बांधलेली. वरच्या अंगाला माणसं राहत, खालच्या अंगाला गुरं, मध्ये वाट, आणि मोरी बाहेर निघावी म्हणून सगळा उतार गोठ्याकडे. अण्णांना कुठलाही फलक वाचावा लागला नाही. “ही गुरांची बाजू,” असं म्हणत ते एका घरात सरळ खालच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कोयना खोऱ्यात मोजणीला जात तेव्हा अशाच घरांत ते मुक्कामाला असत, गोठा आणि माजघर एका छपराखाली.

या गावात एकही लेटरबॉक्स नाही आणि नसावाच. पुरातन अवशेषांत, दगडांच्या रांगांत, थडग्यांत, गडग्यांत डबी लपवायची नाही, सिमेंट वापरायचं नाही, खणायचं नाही, हे नियम इथले लोक कसोशीनं पाळतात. शोधताना हलवलेला प्रत्येक दगड होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्याखालीही कुणी जीव राहत असतो. मार्च ते जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ, तेव्हा कुत्र्याला दोरीनं बांधूनच न्यायचं. आपल्याकडे गडांवरच्या तटांत नावं कोरलेली पाहिली की मला या नियमांची आठवण येते. ‘मी इथे आलो होतो’ हे सांगावंसं वाटतंच माणसाला. इथे त्याला त्यासाठी एक वही दिली आहे आणि दगड वाचला आहे.

दशम्या त्या भिंतींबाहेर गवतावर बसून खाल्ल्या. पलीकडच्या उतारावर ब्लूबेल फुलले होते. झाडाखालची नव्हे, उघड्यावरची निळाई, आणि तिच्यातून कुठून तरी कुक्कूचा आवाज येत होता. कुक्कू इंग्लंडात फार कमी झालाय, डार्टमूरवर अजून ऐकू येतो. अण्णा जेवणं थांबवून ऐकत होते.

परतताना सुरुवातीला दिलेला संकेत काढला. मी नेहमी करते ती पद्धत सोपी आहे: होकायंत्र हातात धरून हेटॉर बरोबर कोनावर येईपर्यंत चालायचं, मग त्या रेषेवर पुढेमागे सरकत हाऊंड टॉर जुळवायचा. अण्णांनी मला थांबवलं. त्यांनी नकाशा दगडावर पसरला, कडेला चार खडे ठेवले आणि दोन्ही कोनांचे उलट कोन काढले. १६२ मध्ये १८० मिळवले, ३०४ मधून १८० वजा केले. हेटॉरपासून एक बारीक रेघ मारली, हाऊंड टॉरपासून दुसरी. जिथे त्या छेदल्या तिथे पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणाले, “इथं. पण हेटॉरला डोकी दोन. यातलं कुठलं धरायचं?”

इतक्या अंतरावरून त्या दोन डोक्यांमध्ये दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे जमिनीवर पन्नासेक पावलांचा. संकेतात ‘माथा’ म्हटलंय म्हणजे उंच तेच, असं ठरलं. छेदबिंदूपाशी गेलो तर खरंच एकटं हॉथॉर्नचं झाड, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. तिथून चढावर तेवीस पावलं मी मोजली. पुढ्यात दगडांचा मोठा पसारा आणि त्यात सपाट दगड पुष्कळ.

मी एकेकाखाली हात घालून पाहायला लागले. अण्णा मात्र काहीच उचलेनात. कमरेवर हात ठेवून नुसते बघत फिरत होते. मग एका दगडापाशी थांबले. “हा बघ. हा इथला नव्हं.”

“कशावरून?”

“अगं, याचं शेवाळ खालच्या अंगाला आहे. शेवाळ पोटाखाली उगवतंय होय? कुणीतरी पालथा केलाय.”

हद्दीचे दगड रातोरात सरकवणारे शेतकरी त्यांनी उभ्या आयुष्यात कमी पाहिले नव्हते. सरकवलेला दगड कसा ओळखायचा, हे त्यांच्या नजरेत मुरलेलं होतं: भोवतीचं गवत दबलेलं असतं, बुडाशी ओल वेगळी दिसते, ऊन खाल्लेली बाजू चुकीच्या दिशेला असते. भांडणं मिटवायला वापरलेली ती नजर आज पहिल्यांदाच खेळायला मोकळी झाली होती. दगड मी उचलला. मागे कपार होती आणि कपारीत काळ्या पिशवीत गुंडाळलेली डबी.

आतला शिक्का हातानं कोरलेला होता. त्या ओसाड गावातल्या घराचं दार, उंबऱ्याशी एक बैल. लपवणाऱ्यानं त्याच गावाकडे पाहत बसून तो रेखाटला असणार, कारण त्या दगडावर बसलं की समोर तेच दिसतं. वहीत मागच्या पानांवर ठसे होते, घुबड, बूट, चहाची किटली, एका लहान मुलाच्या अंगठ्याचा ठसा. कुणी ‘धुकं, काही दिसलं नाही, तरी सापडली’ एवढंच लिहिलेलं. ती पानं वाचताना मला दर वेळी पेरटची बाटली आठवते. कधी भेटणार नाही अशा माणसांनी ती डबी कोरडी राहावी म्हणून पिशवीला नीट गाठ मारलेली असते. परमुलखात आपलेपणा कशानं वाटतो, असं कुणी विचारलं तर मी ही गाठ दाखवीन.

अण्णांनी आपला ‘उ’ उमटवला. खाली तारीख घातली आणि मराठीत लिहिलं: ‘हद्द कायम. खुणा जागेवर आहेत.’ मोजणीच्या कागदांवर लिहायचे तसं, वळणदार अक्षरात. डबी परत कपारीत गेली आणि दगड त्यांनी स्वतः ठेवला, या वेळी शेवाळ वर करून. मी म्हटलं, पुढच्याला शोधायला अवघड जाईल. “जाऊ दे की,” म्हणाले.

उतरताना एक वयस्क जोडपं भेटलं. त्यांच्या गळ्यात होकायंत्र, आमच्याही. इथे एवढी ओळख पुरते. बाईंनी खिशातून एक शिक्का काढला. असे फिरते शिक्के काही जण अंगावर बाळगतात, विचारणाऱ्यालाच मिळतात. त्यांनी तो आमच्या वहीत उमटवला आणि अण्णांचा बाण आपल्या वहीत घेतला. ‘उ’ म्हणजे काय, ते अण्णांनी हातानं उत्तर दाखवून सांगितलं, आणि मी होकायंत्र पाहिलं तर हात सुईच्या रेषेत होता.

आता त्यांना क्रॅनमिअर पूलला जायचंय. तो भाग ओकहॅम्प्टनच्या लष्करी गोळीबाराच्या हद्दीत येतो. सराव असेल त्या दिवशी लाल बावटे लागतात आणि आत जाता येत नाही, म्हणून वेळापत्रक आधी पाहावं लागतं. त्याहीपेक्षा त्यांनी मनावर घेतलंय ते आमची स्वतःची डबी ठेवण्याचं. जागेच्या मालकाची परवानगी मी विचारते आहे. शिक्का त्यांनी साताऱ्याहून कोरून पाठवलाय, शंकू-साखळीचा. संकेताचा मसुदाही आलाय. दोन दिशाकोनांनी काम भागतं, पण अण्णांना तिसरा हवाच आहे, पडताळ्यासाठी. तो रिपन टॉरचा घ्यायचा की हनीबॅगचा, यावर दर रविवारी फोनवर आमचा वाद चालू आहे.