आवाज कुणाचा?

पुण्यात परके ठरण्यास परदेशातूनच यावे लागते असे नाही; बार्शीहून किंवा नंदुरबारहून आले तरी पुरते. सतरा वर्षांचा मुलगा वर्गात ‘पाणी’चे ‘पानी’ करतो, मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि मग तो वर्षभर तोंड उघडीत नाही. इतकी वर्षे अध्यापन केल्यावर मला या मौनाची जेवढी धास्ती वाटते तेवढी नापासांच्या संख्येची वाटत नाही.

अशांना बोलते करण्याचे जे काम आम्हां अध्यापकांस सहसा साधत नाही, ते सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचाने पुष्कळदा साधले आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पावसाळा लागला की तिच्या तालमींनी रिकामे वर्ग गजबजतात. तासाभराच्या एकांकिकेत पात्रे असतात पाच-सहा. पण दिवे सांभाळणारे, पडदा ओढणारे, कुणाच्या घरचा पलंग टेंपोत घालून आणणारे असे आणखी डझनभर हात लागतात. अबोल मुले शिरतात ती या दाराने. खिळे आणि सुतळी यांच्या सहवासात उच्चारांची चौकशी कोणी करीत नाही. पुढे एखादे पात्र तापाने अंथरूण धरते, आणि याला सगळ्यांचीच भाषणे पाठ असल्याचे उघडकीस येते!

माझ्या पाहण्यातल्या अशाच एका मुलाची बोली सुधारून घ्यावी की तशीच ठेवावी, यावर तालमीत मोठा वाद माजला. तेव्हा पेठेतच वाढलेली, पण वर्गात नेहमी एकटी बसणारी एक मुलगी ताडकन म्हणाली, “तो बोलतो तसंच बोलू दे. आपल्याला ऐकायची सवय नाही, हा काय त्याचा दोष?” ती बोली तशीच राहिली. प्रयोगात लोक हसले, परंतु हसावे तेथेच हसले.

बक्षीस मात्र मिळाले नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. २०२२ साली एकही एकांकिका त्या तोलाची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता, तेव्हा पुष्कळांना राग आला होता. मला त्यात मुलांविषयीचा आदरच दिसला. लेकरे म्हणून कौतुक करणे फार सोपे असते.

निकालाच्या वेळी ‘अरे आवाज कुणाचा’ या आरोळ्यांनी कान किटतात, हे मी मान्य करतो. त्या गर्दीतून बाहेर आलो, तेव्हा ती दोघे भाड्याचे कपाट परत पोचवायचे कोणी, यावरून भर रस्त्यात कडाकडा भांडत होती.